केमोथेरपीच्या दिवसांत घरी घ्यायची काळजी

केमोथेरपीची बहुतेक औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाला घालतात, आणि केसांची मुळे, तोंडाचे व आतड्यांचे अस्तर आणि रक्त तयार करणारी अस्थिमज्जा यांतील निरोगी पेशीही तशाच झपाट्याने वाढत असल्यामुळे त्यांनाही त्याची झळ बसते. बरेचसे त्रास आटोक्यात ठेवता येतात. मात्र ते मुकाट्याने सोसत राहण्याची सवय रुग्णाने आणि घरच्यांनी आधी सोडली पाहिजे.

सर्वांत आधी तापाविषयी, कारण येथे उशीर जिवावर बेतू शकतो. अनेक औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात रक्तातील संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि अशा वेळी साधा संसर्गही काही तासांत गंभीर होऊ शकतो. घरात थर्मामीटर असावाच, आणि ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरला अथवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर मध्यरात्र असली तरी रुग्णालयाशी संपर्क साधावा. पॅरासिटामॉल आपल्या मनाने घेऊ नये, कारण त्याने ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग मात्र आत वाढत राहतो.

मळमळ थांबवण्यापेक्षा ती होऊ न देणे सोपे असते, म्हणून उलटीवरील गोळ्या त्रास सुरू होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळीच घ्याव्यात. पोटभर जेवण्याऐवजी थोडे थोडे, अनेकदा खावे. गरम अन्नाचा वास सहन होत नसेल तर ते निवू द्यावे. मात्र ऑक्सॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध घेणाऱ्यांनी डोसनंतर काही दिवस फ्रीजमधील गार पदार्थ टाळावेत, कारण गारव्याने घशात आणि बोटांत विचित्र टोचणी जाणवते. उलटीवरील काही गोळ्यांनी बद्धकोष्ठताही होते, जी सांगायला अनेकांना संकोच वाटतो; तो बाळगू नये.

तोंड येऊ लागल्यास मऊ ब्रश वापरावा, अल्कोहोल असलेले माउथवॉश टाळावे आणि कोमट पाण्यात थोडे मीठ व खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चुळा भराव्यात. पाणीही गिळवेनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

थकव्याबद्दल मात्र घरोघरी गैरसमज आढळतो. हा थकवा झोपेने पूर्णपणे जात नाही आणि दिवसभर पडून राहिल्याने उलट वाढतो, म्हणून डॉक्टरांची हरकत नसेल तर रोज थोडे चालावे, मग ते घरातल्या घरात १० मिनिटे का असेना. ज्या वेळी अंगात ताकद असते ती वेळ आपल्या आवडीच्या कामासाठी राखावी आणि उरलेली कामे निःसंकोच इतरांवर सोपवावीत. हे आळसाचे लक्षण नाही, हे घरच्यांनीही मनापासून मानावे.

हातापायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर आंघोळीच्या पाण्याचा अंदाज दुसऱ्या कोणाला घेऊ द्यावा आणि अनवाणी चालू नये. शर्टाची बटणे लावणे जड जाऊ लागले, तर तेही सांगण्याजोगे लक्षण आहे, कारण वेळीच कळल्यास डॉक्टर औषधाचे प्रमाण बदलू शकतात.

यासाठी एक साधी वही ठेवावी. त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, किती वेळ टिकला आणि कशाने उतरला, एवढे रोज दोन ओळींत लिहावे आणि पुढच्या डोसच्या आधी ती वही डॉक्टरांपुढे उघडून ठेवावी.