जेट-स्कीला जाताय? आधी जॅकेट बघून घ्या

नागाव, काशीद, तारकर्ली, कुठल्याही किनाऱ्यावर जा, तिकीट काढलं की पोऱ्या ढिगातलं हाताला लागेल ते लाइफ जॅकेट तुमच्या अंगावर चढवतो. ते मुकाट्याने घालू नका, दुसरं मागा. मोठ्यांचं माप छातीच्या घेरावर ठरतं, मुलांचं वजनावर. लेबलवर दोन्ही छापलेलं असतं. लेबलच पुसून गेलं असेल तर जॅकेट किती जुनं आहे ते समजून घ्या.

मग फोम दाबून बघा. बोटांचा खड्डा तसाच राहिला, किंवा आतून चुरा झाल्यासारखं लागलं, तर तो फोम काय तरंगवणार! बक्कल लावून ओढून पाहा, खाऱ्या हवेत आणि वाळूत ती लवकर खराब होतात. नुसत्या चेनवर विसंबू नका, जेट-स्कीला निदान तीन पट्टे हवेतच. वेगात पडलात की पाणी जॅकेट वर ढकलतं, आणि ढिलं असेल तर ते थेट कानांपर्यंत चढतं. म्हणून सगळे पट्टे आवळा आणि सोबतच्या माणसाला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. हनुवटीच्या वर सरकलं की माप चुकलं. लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावा. गळ्यातली ओढणी काढून ठेवा, आत कोंबू नका.

स्वतःचं विकत घेणार असाल तर गॅसच्या नळकांडीने फुगणारं नको. ते बोटीवर ठीक, जेट-स्कीवरून पडलं की माणूस पाण्यावर जोरात आपटतो, त्यामुळे फोमचंच घ्या. निओप्रीन (रबरासारखं ताणलं जाणारं मऊ कापड) अंगाला छान बसतं, पण आपल्या उकाड्यात नायलॉन बरं, वाळतंही लवकर. जॅकेटची तरंगवायची ताकद न्यूटनमध्ये मोजतात, ५० न्यूटन म्हणजे साधारण ५ किलोची उचल. पोहता येणाऱ्याला, मदत जवळ असताना, तेवढी पुरते. बेशुद्ध माणसाला ते जॅकेट उताणं करेलच असं नाही. पोहता येत नसेल तर १०० न्यूटनचं बघा. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा. निळा फोटोत शोभतो, लाटांत सापडत नाही. शिट्टी लावायला कडी आहे का तेही बघा.

चालवणार तुम्हीच असाल तर इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटच्या कडीला अडकवा, म्हणजे तुम्ही पडलात की मशीन पुढे पळणार नाही. आणि "बक्कल तुटलंय, नाडीने बांधून देतो" म्हणाले, तर पैसे परत मागा.