बालकलाकाराच्या पालकांसाठी: सहीपूर्वी आणि टाळ्या थांबल्यावर

गायनस्पर्धेत मुलाची निवड झाल्याचा निरोप वाहिनीकडून येतो, घरात पेढे वाटले जातात आणि त्याच आठवड्यात एक जाडजूड करारपत्र सहीसाठी पुढे येते. चित्रीकरण तोंडावर आलेले असते आणि फार प्रश्न विचारले तर संधी हातची जाईल अशी धास्तीही असते, त्यामुळे पुष्कळ आईवडील ते न वाचताच सही करतात. तसे न करता करारपत्र दोन दिवसांसाठी मागून घ्यावे आणि वकिलाला दाखवावे. स्पर्धा संपल्यावर किती महिने इतरत्र गाण्यास बंदी आहे, मुलाचे नाव, आवाज आणि चित्रण कोण आणि किती काळ वापरणार, आणि मुलाला मध्येच थांबावेसे वाटले तर भरपाई द्यावी लागेल का, ही कलमे आधी पाहावीत. शेवटच्या कलमाबद्दल आयोजक टाळाटाळ करू लागले, तर माझ्या मते तिथेच नम्रपणे नकार द्यावा.

चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास 1986 च्या बालकामगार कायद्याने, 2016 च्या दुरुस्तीनंतर, सरसकट बंदी आहे. कलाकार म्हणून केलेले काम हा तिच्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे आणि त्याच्या अटी 2017 च्या नियमांत दिलेल्या आहेत. त्यांनुसार निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मुलाचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. सलग 27 दिवसांपेक्षा अधिक काळ त्याला कामावर ठेवता येत नाही, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे देखरेखीसाठी एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. परवानगीची प्रत मागायला संकोच करू नये. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घेता येत नाही, असेही हे नियम सांगतात, आणि ही अट निर्मात्याइतकीच आईवडिलांनीही स्वतःला लावून घ्यावी. ‘तुला गायचे आहे का?’ हा प्रश्न मुलाला घरी, एकांतात आणि दर महिन्याला नव्याने विचारावा, कारण पहिल्या दिवशीचा होकार वर्षभर टिकतोच असे नाही.

याच नियमांनुसार मुलाच्या मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा व्हावी लागते. असे नियम कशामुळे करावे लागतात, हे जॅकी कूगनच्या प्रकरणावरून कळते. चार्ली चॅप्लिनसोबत 1921 मध्ये पडद्यावर आलेल्या या मुलाने लाखो डॉलर मिळवले आणि सज्ञान झाल्यावर त्याला कळले की आईने आणि सावत्र वडिलांनी त्यातले बहुतेक खर्चून टाकले आहेत. त्याने 1938 मध्ये दावा लावला आणि पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बालकलाकारांच्या कमाईला संरक्षण देणारा कायदा झाला. आपल्याकडची 20 टक्के ही किमान मर्यादा आहे. प्रवास, पोशाख आणि शिकवणी यांचा खरा खर्च वजा करून उरलेले सगळेच मुलाच्या खात्यात ठेवावे आणि त्याचा हिशेब वहीत लिहावा. मुलाने स्वतःच्या कलाकौशल्यावर मिळवलेले उत्पन्न आयकरासाठी त्याचे स्वतःचे धरले जाते, पण ठेवीवरचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. त्यामुळे मुलाचे पॅन कार्ड आधीच काढून घ्यावे.

याहून अवघड काम म्हणजे शिक्षण पुढे चालू ठेवणे. शिवपुत्र कोमकली हा 1924 मध्ये बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला मुलगा ध्वनिमुद्रिकांवरचे थोरामोठ्यांचे गाणे ऐकून जसेच्या तसे गाऊन दाखवी. त्याला लहानपणीच ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली आणि त्याचे जलसेही होऊ लागले. तेवढ्यावर त्याचे आयुष्य सहज निघाले असते. पण वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी तो मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे आला आणि तिथे अनेक वर्षे शिकला. ज्याला टाळ्या आधीच मिळत होत्या, त्याला राग म्हणजे काय हे मुळापासून शिकवणारा गुरू भेटला, हे मला त्या पदवीपेक्षा मोठे भाग्य वाटते. पालकांनी शोधायचा तो असा गुरू. तो मुलाच्या चित्रफिती पाहून भारावत असेल, तर दुसरा पाहावा. सचिन तेंडुलकरने 2013 मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितले होते की आचरेकर सर त्याला ‘छान खेळलास’ असे कधीच म्हणाले नाहीत. एवढी कंजुषी प्रत्येक मुलाला मानवेल असे नाही, पण गुरूकडून येणाऱ्या कौतुकाचे माप श्रोत्यांच्या टाळ्यांवर ठरू नये, हे मात्र पाहावे.

गाणाऱ्या मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. साधारण बारा ते पंधरा या वयात आवाज फुटतो, आणि त्याच सुमारास श्रोते मात्र लहानपणीचेच गाणे, त्याच पट्टीत मागत राहतात. त्या काळात पट्टी निःसंकोच खाली आणावी, कार्यक्रम थांबवावेत आणि हार्मोनियम, तबला, बंदिशींचा संग्रह अशा गोष्टींवर भर द्यावा. मुलींचा आवाजही या वयात बदलतो, फक्त तो बदल कमी जाणवतो.

एखादा आकडाच मुलाची ओळख होऊन बसतो, तेव्हा काय करावे हे कल्याणच्या प्रणव धनावडेच्या वडिलांकडून शिकण्यासारखे आहे. जानेवारी 2016 मध्ये या शाळकरी मुलाने नाबाद 1009 धावा केल्या आणि मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्याला दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी खेळ मंदावला, तेव्हा रिक्षा चालवून घर चालवणाऱ्या वडिलांनीच ती थांबवण्याची विनंती केली. मुलाच्या डोक्यावरचा अपेक्षेचा भार उतरवण्यासाठी घरातून असे पाऊल क्वचितच उचलले जाते.

शाळेत मुख्याध्यापकांना भेटून हजेरी आणि परीक्षांचे आधीच ठरवून घ्यावे, पण स्नेहसंमेलनात दरवर्षी त्यालाच उभे करू नये अशीही विनंती करावी. समाजमाध्यमांवरील खाते आईवडिलांनी चालवावे, गणवेशातले छायाचित्र टाकू नये आणि प्रतिक्रिया मुलाला वाचायला देऊ नयेत, चांगल्यासुद्धा. घरातल्या धाकट्या-थोरल्या भावंडांचा वाढदिवस चित्रीकरणाच्या तारखेपुढे रद्द होऊ देऊ नये, आणि ताट उचलून ठेवण्याचे काम ज्याचे त्यानेच करावे.

स्पर्धेतून बाहेर पडावे लागले, तर परतीच्या प्रवासात परीक्षकांच्या चुका काढत बसू नये. दुसऱ्या दिवशी रियाज नेहमीच्या वेळी सुरू करावा. गणेशोत्सवातली आमंत्रणे पहिल्या वर्षी ढीगभर येतात आणि तिसऱ्या वर्षी जवळपास थांबतात, म्हणून पहिल्याच वर्षी चार-पाचांच्या वर स्वीकारू नयेत, म्हणजे पुढची घट मुलाला फारशी जाणवत नाही. जुन्या भागांच्या चित्रफिती पाहुण्यांना दाखवायच्याच असतील, तर मुलगा घरी नसताना दाखवाव्यात.