१८-१४ पुढे असूनही गेम जातो? बॅडमिंटनमधल्या डोक्याच्या या चुका टाळा

चार गुणांनी पुढे असलेला हौशी खेळाडू १८-१४ ला काय करतो, ते नीट पाहा. तोवर तो समोरच्याच्या बॅकहँडच्या कोपऱ्यात खोल टॉस (मागच्या रेषेकडे जाणारा उंच फटका) मारून गुण काढत असतो. आता मनात येतं, ‘फक्त चूक नको.’ मूठ आवळते, मनगट आखडतं आणि मागच्या रेषेपर्यंत जाणारा टॉस अर्ध्या कोर्टात उतरतो. समोरून स्मॅश, १८-१५. मग तो आणखी जपून मारतो, म्हणजे टॉस आणखी आखूड. १८-१८ झाल्यावर वैतागून रेषेवर स्मॅश मारायला जातो आणि शटल बाहेर. गेम १८-२१. ‘आज नशीबच नव्हतं’ हे त्यानंतरचं वाक्य मला अजिबात पटत नाही. चालत असलेला खेळ त्याने स्वतःच सोडला.

उपाय साधा आहे, पण सवय लागायला महिने जातात. रॅली संपली की नेटकडे पाठ करा. मूठ इतकी सैल सोडा की कोणी रॅकेट ओढली तर हातातून निसटेल. एक लांब श्वास सोडा. सर्व्हिस किंवा रिटर्न कुठे टाकायचा ते ठरवा आणि मगच वळा. पाच-सहा सेकंद पुरतात. हे ३-३ लाही करायचं. फक्त १८ ला आठवलं तर उपयोग नाही, कारण तेव्हा डोकं नवीन काही ऐकत नाही. ११ गुणांनंतर मिळणाऱ्या ६० सेकंदांच्या विश्रांतीत पाणी प्या आणि एवढंच पाहा: आपले गुण कुठल्या फटक्यावर आले? पुढेही तोच खेळा. सरावात अधूनमधून गेम थेट १८-१८ पासून सुरू करा. शेवटच्या तीन गुणांची भीती तिथेच मोडते.

दुसरी चूक सरावातली. सलग पन्नास शॉर्ट सर्व्हिस मारायच्या, शेवटच्या वीस छान पडल्या की ‘जमली’ म्हणायचं. ते जमणं बरंचसं त्या लयीचं असतं. सामन्यात दर वेळी नव्याने ठरवावं लागतं आणि नेमका तोच सराव झालेला नसतो. १९८६ मध्ये बॅडमिंटनच्याच तीन सर्व्हिसवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तिन्ही सर्व्हिस मिसळून शिकलेल्यांनी एकेक वेगळी घोटणाऱ्यांपेक्षा नंतरच्या चाचणीत सरस कामगिरी केली. म्हणून शॉर्ट, फ्लिक (शॉर्टसारखी दाखवून अचानक मागे उडवलेली), लाँग अशा उलटसुलट मारा आणि प्रत्येक सर्व्हिसआधी जागा बोलून दाखवा. सरावात जास्त चुका होतील, होऊ द्या. दोन आठवड्यांत फळ मागणाऱ्यांना हे आवडत नाही. पण अगदी पहिल्यांदा रॅकेट धरणाऱ्याने आधी एकच सर्व्हिस हातात बसवावी, हेही खरं.

सामना चालू असताना मनगट दुरुस्त करू नका. शटल कुठे पडायला हवं ते बघा. हाताचं काम सरावाच्या दिवशी.

दुहेरीत जोडीदाराच्या चुकीवर मान हलवणं बंद करा. पुढचा फटका तो घाबरून मारतो.

हरल्यावर लगेच रॅकेट किंवा तार बदलायला धावू नका.

सामन्यानंतर वहीत दोनच ओळी लिहा: गुण कुठल्या फटक्यावर मिळाले, कुठल्या फटक्यावर गेले. पाच-सहा सामन्यांनी दुसऱ्या ओळीत तोच फटका पुन्हा पुन्हा दिसू लागतो. पुढच्या महिन्याचा सराव त्याचाच.