परफॉर्मन्स कारसाठी एक्झॉस्ट निवडताना

एक्झॉस्ट बदलायचा म्हटले की बहुतेकांची नजर आधी गाडीच्या मागच्या टोकाकडे जाते, कारण दिसते तेही तेच आणि ऐकू येते तेही तिथूनच. शक्ती मात्र बहुधा पुढे, इंजिनाच्या लगत अडलेली असते. म्हणून सुटे भाग पाहण्याआधी आपल्याला आवाज हवा आहे, शक्ती हवी आहे की वजन कमी करायचे आहे, हे नक्की करावे. तिन्ही गोष्टी एकाच भागातून मिळतील, असे जाहिरातीत म्हटले तरी प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते.

जळक्या वायूचा मार्ग इंजिनापासून मागे असा जातो: मॅनिफोल्ड (सगळ्या सिलिंडरमधला वायू एकत्र आणणारा भाग), टर्बो (वायूच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा पंप) असल्यास त्याचे टर्बाइन आणि त्यामागचा डाउनपाइप, विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मधला पाइप, घुमणारा आवाज मारणारा रेझोनेटर आणि शेवटी सायलेन्सर. मागच्या अ‍ॅक्सलपलीकडचा भाग तेवढा बदलणाऱ्या ‘अ‍ॅक्सल-बॅक’ संचाने आवाज बदलतो. शक्तीत जाणवण्याजोगा फरक सहसा पडत नाही. कन्व्हर्टरच्या मागचे सारे बदलणाऱ्या ‘कॅट-बॅक’ संचाने थोडाफार फायदा होतो, पण तो मूळ पाइप खरोखर अरुंद किंवा वळणांवर चेपलेला असेल तेव्हा. अनेक आधुनिक परफॉर्मन्स गाड्यांचा मूळ एक्झॉस्ट मुळातच बऱ्यापैकी मोकळा असतो, आणि ही गोष्ट विक्रेता आपणहून सांगत नाही.

टर्बो इंजिनाचे गणित त्यातल्या त्यात सोपे आहे. टर्बाइन फिरते ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातील फरकावर. साहजिकच नंतरचा दाब जितका कमी, तितका टर्बो लवकर जोर धरतो. या गाड्यांत सर्वाधिक फरक डाउनपाइपने पडतो आणि घोटाळेही त्यानेच होतात. वाट मोकळी झाली की बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे चढू शकतो, विशेषतः वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा देऊन सोडणारी झडप) लहान असेल तर. म्हणून ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्यूनिंग हा नंतर कधीतरी करायचा ऐच्छिक भाग नव्हे. डाउनपाइपच्या खर्चातच ते धरावे.

टर्बो नसलेल्या इंजिनात प्रश्न अधिक नाजूक असतो. एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा झोत आपल्या मागे कमी दाब सोडत जातो, आणि हेडरच्या, म्हणजे मॅनिफोल्डच्या जागी बसणाऱ्या स्वतंत्र पाइपांच्या संचातल्या, पाइपांची लांबी जुळलेली असेल तर तो कमी दाब पुढच्या सिलिंडरमधला जळका वायू ओढून काढायला मदत करतो. चार सिलिंडरच्या इंजिनाला 4-2-1 रचनेचे (चार पाइपांचे आधी दोन, मग एक होणारे) हेडर साधारणपणे मधल्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्यांना) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, तर चारांचा थेट एक होणाऱ्या 4-1 रचनेचा फायदा वरच्या आरपीएमला मिळतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी मला पहिलीच रचना शहाणपणाची वाटते. ‘इंजिनाला थोडे बॅकप्रेशर लागतेच’ हे गॅरेजमधले आवडते वाक्य मात्र अर्धवट आहे. इंजिनाला उलटा दाब नको असतो, त्याला वायूचा वेग हवा असतो, आणि पाइप गरजेपेक्षा रुंद केला की तो वेग मंदावतो. अडीच इंची पाइपाऐवजी तीन इंची घेतला तर फरक अर्ध्या इंचाचा दिसतो, पण छेदाचे क्षेत्रफळ 44 टक्क्यांनी वाढते. टर्बाइननंतर रुंद पाइपाचा असा तोटा फारसा होत नाही. तिथे अडचण येते ती गाडीखालच्या जागेची, वजनाची आणि आवाजाची.

आवाजाच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत व्हिडिओ पाहून होते. व्हिडिओतला आवाज बाहेरून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून टिपलेला असतो. मालकाला मात्र तो आतून, एकाच वेगात, तासन्‌तास ऐकायचा असतो. ज्याला ‘ड्रोन’ म्हणतात तो डोके जड करणारा घुमणारा आवाज ठरावीक आरपीएमलाच येतो आणि त्याचा हिशेब मांडता येतो. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 50 फेऱ्या आणि 100 हर्ट्झचे ठोके. सहा सिलिंडरला हाच आकडा 150 होतो. केबिनची घुमण्याची नैसर्गिक वारंवारता नेमकी याच्या आसपास असेल, तर आरसा आणि सीटसुद्धा थरथरू लागते. उपाय म्हणून मुख्य पाइपाला एक बंद टोकाची शाखा जोडतात. तिची लांबी ध्वनिलहरीच्या लांबीच्या पाव ठेवली की परत येणारी लहर मूळ लहरीला मारते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर 100 हर्ट्झसाठी ही शाखा सव्वा मीटर लांब लागते, आणि गाडीखाली एवढी जागा काढणे सोपे नसते. ‘रेझोनेटर काढून टाका, वजन वाचेल’ हा सल्ला किती सवंग आहे, ते अशा वेळी कळते. खरेदीपूर्वी शक्य असल्यास तोच संच बसवलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीत बसून, वरच्या गिअरमध्ये महामार्गाच्या वेगाने एक लांब फेरी मारावी. आवाज हवा तेव्हा मोकळा, हवा तेव्हा बंद करणारी झडप असलेला एक्झॉस्ट ही तडजोड मला पटते, फक्त झडपेची मोटर उष्णतेत बिघडू शकते हे धरून चालावे.

सरळ आरपार सायलेन्सरमध्ये छिद्रांच्या पाइपाभोवती तंतूंचे भरण असते आणि ते जसजसे जळून उडते तसतसा आवाज वाढत जातो. त्यामुळे उघडून पुन्हा भरता येईल असा सायलेन्सर घेतलेला बरा. कप्प्यांच्या सायलेन्सरचा आवाज वर्षानुवर्षे टिकतो, पण तो वायूला अधिक अडवतो. खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा: 409 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलला तो घट्ट चिकटतो, 304 ला जवळजवळ चिकटत नाही. 409 वर वरवरचा गंज येतो, 304 अधिक टिकते. टायटॅनियमचे वजन तेवढ्याच आकाराच्या स्टीलच्या 60 टक्क्यांहूनही कमी भरते. मात्र त्याचे वेल्डिंग कुठल्याही कारागिराचे काम नाही. वळणांवरून हात फिरवून पाहावा. व्यास सगळीकडे सारखा असेल तर मॅन्ड्रेल (पाइपाला आतून आधार देणारा साचा) वापरून वाकवलेला पाइप आहे. सुरकुत्या किंवा चपटेपणा लागला तर मोठ्या व्यासाचे पैसे वाया गेले समजावे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे रस्त्यावरच्या गाडीसाठी बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि नव्या पेट्रोल गाड्यांतील कणरोधक फिल्टरचीही तीच गोष्ट. दर चौरस इंचाला सुमारे 200 छिद्रांचा मोकळा कन्व्हर्टर मिळतो, पण त्यालाही प्रमाणपत्र आहे का ते पाहावे. शिवाय त्याची कार्यक्षमता कमी पडली तर मागचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि ‘पी 0420’ हा दोष नोंदवून इंजिनाचा दिवा लावतो. आवाजाची कायदेशीर मर्यादा, वॉरंटी आणि विम्याच्या अटी पैसे देण्याआधी वाचाव्यात. ट्रॅकवर जाणार असाल तर तिथली डेसिबल मर्यादा वेगळी असते.

विक्रेत्याने दाखवलेल्या डायनोच्या (गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखात कमाल अश्वशक्तीचा आकडा पाहून थांबू नये. बदलाआधीची आणि नंतरची चाचणी एकाच डायनोवर, सारख्या तापमानात आणि त्याच इंधनावर झाली का, हे विचारावे, आणि आपण रोज ज्या आरपीएमला गाडी चालवतो तिथे टॉर्कची रेषा वर गेली की खाली आली ते पाहावे.

बसवताना गॅस्केट नवीनच घ्यावेत. सेन्सरच्या अलीकडे बारीकशी गळती राहिली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात इंधन कमी असल्याचा भास होतो आणि ईसीयू विनाकारण जास्त इंधन सोडू लागतो. हीट शील्ड आणि लवचीक जोड जागेवर आहेत ना, इंजिन हलल्यावर पाइप कुठे घासत नाही ना, हे गाडी लिफ्टवर असतानाच तपासावे. आणि काही दिवस वापरल्यावर, पाइप पूर्ण थंड असताना, सगळे क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.