चहा का नाही, इथून सुरुवात करा: मॉर्मन घरातल्या मुलांना मंडळीचा इतिहास शिकवताना

कोल्हापुरात वाढणाऱ्या मॉर्मन घरातल्या मुलाला आपल्या मंडळीच्या इतिहासाची पहिली ठेच लागते ती शेजारच्या काकूंच्या सोप्यात. "घे की घोटभर चहा." "आमच्यात चालत नाही." "का रं?" या 'का रं'ला त्याच्याकडे उत्तर नसतं. म्हणून शिकवायला बसताना १८०५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये मंडळीचा संस्थापक जोसेफ स्मिथ जन्मला तिथून सुरू करू नका. मुलाला प्रश्न चहाचा पडलाय, तिथूनच मागे चला.

'डॉक्ट्रिन अँड कव्हनंट्स' या शास्त्रग्रंथाचा ८९वा विभाग उघडा. तारीख २७ फेब्रुवारी १८३३, गाव ओहायोतलं कर्टलंड. वहीच्या पानावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडा. डावीकडे मूळ मजकुरात काय आहे, उजवीकडे आज आपण काय पाळतो. मधला रकाना रिकामा ठेवा. मुलाला स्वतः शोधू द्या. चहा-कॉफीचं नावच मजकुरात नाही, 'गरम पेयं' एवढंच आहे, हे त्याला पाच मिनिटांत दिसेल. ही आज्ञा म्हणून किंवा सक्तीनं सांगितलेली नाही, हेही सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. आणि मांस जपून खावं, थंडीत किंवा दुष्काळात खाल्लेलं बरं, हे वाचल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावातलं पोरगं तुमच्याकडे बघणारच. बघू द्या. मधल्या रकान्यात लिहायचं ते हेच: गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी हा अर्थ मंडळीच्या पुढाऱ्यांनी लावला, आणि मंदिरात जाण्यासाठीची सक्तीची अट म्हणून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पक्का झाला. मांसाची ओळ मजकुरात तशीच राहिली, तिची अट मात्र झाली नाही.

इथे आईवडील हमखास एक चूक करतात. "चहात कॅफिन असतं, ते वाईट" असं सांगून मोकळे होतात. पण कोलाला मंडळीची मनाई नाही, आणि हे मुलाला दहावीच्या आत कळतंच. मग बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. साधं उत्तर द्या: हा आमचा नेम आहे, आणि तो असा असा घडत गेला. काकूंना तेवढं पुरतं. उपवासाचा नेम कोल्हापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. चहापूड न घातलेला गवती चहा चालतो, तेही मुलाला शिकवून ठेवा, म्हणजे घरोघरी नकार देत फिरावं लागणार नाही.

कागद, आठवण आणि साक्ष

याच विभागाला जोडून एक गोष्ट नेहमी सांगतात. कर्टलंडमध्ये दुकानाच्या माडीवर 'संदेष्ट्यांची शाळा' नावाचा मंडळीतल्या पुरुषांचा अभ्यासवर्ग भरे, पुरुष तंबाखू ओढत, थुंकत, जमीन पुसता पुसता जोसेफची बायको एमा वैतागली, आणि जोसेफनं देवाला विचारलं. गोष्ट छान आहे, पण ती जोसेफनंतर मंडळीचा पुढारी झालेल्या ब्रिघम यंगनं सांगितली १८६८ साली, म्हणजे ३५ वर्षांनी. खोटी म्हणायचं कारण नाही, पण त्या दिवशीचा कागद आणि ही आठवण एका तागडीत घालता येत नाहीत.

हा भेद कोल्हापूरच्या मुलाला समजावायला फार कष्ट पडू नयेत. शिवाजी महाराजांच्या हयातीतलं पत्र वेगळं, महाराज गेल्यावर १७ वर्षांनी, १६९७ साली जिंजीला लिहिलेली सभासद बखर वेगळी, आणि शंभरावर वर्षांनी लिहिलेली चिटणीस बखर आणखी वेगळी. तिन्ही वाचायच्या, पण वजन वेगवेगळं धरायचं. शाळेत इतिहासाचे शिक्षक हेच सांगतात, घरी आपल्या मंडळीलाही तीच फूटपट्टी लावा. तीन रंगांची पेनं घ्या. निळं त्या वेळच्या कागदाला, हिरवं नंतरच्या आठवणीला, लाल साक्षीला. उपवासाच्या रविवारी कुणी उभं राहून "मला ठाऊक आहे" म्हणतं ती साक्ष. तिचा मान ठेवावा, पण "हे कधी झालं?" या प्रश्नाला साक्ष हे उत्तर नव्हे. मूल तारीख विचारतंय आणि आपण साक्ष देतोय, असं झालं की ते पुढच्या वेळी विचारायचं सोडतं आणि मोबाईलला विचारतं.

फूटपट्टी खरी वापरायची जागा म्हणजे 'पहिलं दर्शन', जोसेफला देव दिसला तो प्रसंग. १८२०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या पाल्मायराजवळच्या रानात झालेल्या या प्रसंगाची हकिकत जोसेफ स्मिथनं स्वतः किमान चारदा नोंदवली: १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२. म्हणजे प्रसंगानंतर अनुक्रमे १२, १५, १८ आणि २२ वर्षांनी. एका मोठ्या कार्डशीटवर चार उभे रकाने आखा आणि आडव्या ओळी पाच: किती वर्षांनी, कोणासाठी, कोणाच्या हातचं, कोण दिसलं, काय सांगितलं. १८३२च्या हकिकतीत भर पापांच्या क्षमेवर आहे आणि बोलणारा प्रभू आहे. त्यातला काही भाग जोसेफच्या स्वतःच्या अक्षरात आहे. १८३५ची घरी आलेल्या एका पाहुण्याला सांगितलेली, तीत पुष्कळ देवदूतही आहेत. १८३८ची आज मंडळीच्या शास्त्रग्रंथात आहे: दोन व्यक्ती, आणि कोणत्याही पंथात जाऊ नकोस हा आदेश. १८४२ची शिकागोतल्या एका संपादकासाठी. चारही मजकूर 'जोसेफ स्मिथ पेपर्स' या प्रकल्पाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, हस्तलिखिताच्या छायाचित्रासह. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांबलचक आहेत. एका बैठकीत एकच हकिकत घ्या, दर वाक्य मोठ्यानं वाचून मराठीत सांगा. चारही एकदम घेतल्या की त्या मुलाच्या डोक्यात एकमेकींत मिसळतात आणि तक्ता भरतच नाही. फरक दिसले की लगेच सारवासारव करू नका. तक्ता आठवडाभर भिंतीवर राहू द्या.

शब्दांचे खड्डे

मराठीत शिकवताना निम्मा गोंधळ शब्दांचा असतो. 'संत' म्हटलं की मुलाला तुकोबा-ज्ञानोबा आठवतात, इथे मात्र मंडळीचा प्रत्येक सभासद संत. 'मंदिर' म्हटलं की अंबाबाई. मंडळीत दर रविवारची उपासना साध्या सभागृहात होते, आणि मंदिर म्हणजे विशेष विधींची वेगळी वास्तू. भारतातल्या पहिल्या मंदिराची घोषणा २०१८ साली झाली, ते बंगळुरूसाठी. 'याजकपण' (विधी करण्याचा अधिकार) म्हटलं की पगारी पाळक डोळ्यांसमोर येतो, इथे मुलगा ज्या वर्षी १२चा होतो त्या वर्षीपासून त्याला याजकपण मिळू शकतं, आणि शाखेचा अध्यक्ष हा पगार न घेणारा कुणीतरी नोकरदार किंवा दुकानदार असतो. आणि 'मॉर्मन' हे टोपणनाव आहे. मंडळीचं नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स', आणि तेच वापरा असं २०१८पासून मंडळी आग्रहानं सांगते.

अमेरिकन मिशनरी वायल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरात प्रॉटेस्टंट मिशनचं काम सुरू केलं. त्या परंपरेतली आत्या किंवा मामा घरात असतील तर ते म्हणतील, "तुम्ही ख्रिस्ती नव्हेच." मुलाला वाद शिकवू नका, फरक शिकवा: ते पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा एकच देव मानतात, आपण तीन वेगळ्या व्यक्ती मानतो. ते बायबलवर थांबतात, आपल्याकडे आणखी तीन ग्रंथ आहेत. एवढं नीट सांगता आलं की जेवणाचं पान गोड राहतं.

सुतळीवरचा काळ

पाच मीटर सुतळी घ्या. वर्षाला २ सेंटीमीटर धरा. १८०५ ते २०२५ ही २२० वर्षं ४४० सेंटीमीटरमध्ये बसतात, दोन्ही टोकांना गाठीपुरती ३०-३० सेंटीमीटर उरते. सुतळीच्या वर मंडळीच्या चिठ्ठ्या, खाली आपल्याकडच्या. वर ६ एप्रिल १८३०, मंडळीची स्थापना. २७ जून १८४४, कार्थेजच्या तुरुंगात जोसेफ आणि त्याचा भाऊ हायरम यांचा खून. २४ जुलै १८४७, ब्रिघम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात. खाली १८४४, गडकऱ्यांचं बंड. १८५०, करवीर नगर वाचन मंदिर. १८५२, मॉर्मन मिशनरी ह्यू फिंडले मुंबईत. १८९०ला वर बहुपत्नीत्व थांबवण्याचा जाहीरनामा, आणि चारच वर्षांनी खाली शाहू महाराजांचा राज्याभिषेक. सॉल्ट लेक कोल्हापूरपासून किती का लांब असेना, काळ एकच होता, हे बघताक्षणी कळतं.

फसतं ते १८२० ते १८४७ या पट्ट्यात. ५४ सेंटीमीटरमध्ये डझनभर चिठ्ठ्या कोंबल्या जातात आणि एकही वाचता येत नाही. त्या २७ वर्षांसाठी वेगळी तीन मीटरची सुतळी लावा, वर्षाला १० सेंटीमीटर. कापडाचे चिमटे वापरा, डिंक नको, कारण तारखा हलवाव्या लागतात. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, तेव्हा सुतळी खिळ्यावर न ठोकता कपाटाच्या दारांना बांधा.

अवघड विषय कधी? तोंडी परीक्षेसारखा एक दिवस नेमू नका. 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथाचं भाषांतर करताना जोसेफ टोपीत दगड ठेवून बघत असे, हे आठ वर्षांच्या मुलाला सहज सांगता येतं, त्याला त्यात काही विचित्र वाटत नाही. विचित्र वाटतं ते अठराव्या वर्षी पहिल्यांदा कळल्यावर. १८५७ची माउंटन मेडोजची कत्तल, जिथे मॉर्मन माणसांनी सुमारे १२० प्रवासी मारले, तेराव्या-चौदाव्या वर्षी. १९७८पर्यंत कृष्णवर्णीयांना याजकपण नव्हतं, हेही त्याच सुमारास, शाळेत शाहू महाराजांचा १९०२चा आरक्षणाचा हुकूम शिकवत असतानाच घ्या. बहुपत्नीत्व घेताना "आपले राजेही करत" ही पळवाट काढू नका. मंडळीच्याच निबंधात जोसेफच्या ३० ते ४० विवाहबंधनांचा अंदाज दिलेला आहे. मंडळीनं २०१३ ते २०१५ या काळात अशा विषयांवर स्वतःच निबंध प्रसिद्ध केले, आधी ते तुम्ही वाचा. बैठक सोमवारी संध्याकाळी, मंडळीतली घरं एकत्र बसतात त्या कुटुंबसंध्येलाच, ४० मिनिटांपेक्षा जास्त नको. दहावीच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चला हात लावू नका, दिवाळीची सुट्टी बरी.

घरचा इतिहास

मंडळीच्या इतिहासाइतकंच घराण्याच्या इतिहासालाही या संगोपनात स्थान आहे. 'फॅमिलीसर्च' हे मंडळीचं फुकट साधन, त्यात चार पिढ्या भरा. जन्मतारखेसाठी आधी शाळा सोडल्याचा दाखला, मग मृत्यूचा दाखला. गावाकडे हेळवी येत असेल तर त्याचं वंश सांगणं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून घ्या, त्याच्याकडे घरात कुणाला आठवत नाहीत अशी नावं सापडतात. मात्र ती हिरव्या पेनानं, दाखल्याशी ताडून होईपर्यंत. जुन्या दाखल्यांवर १ जून ही जन्मतारीख वारंवार दिसेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीनं टाकलेली असते ती, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

नावं भरून झाली की मृतांसाठीच्या बाप्तिस्म्याचा, म्हणजे मेलेल्या पूर्वजाच्या वतीनं हयात माणसानं घ्यायच्या बाप्तिस्म्याचा, प्रश्न येतो. गेल्या ११० वर्षांत जन्मलेल्या पूर्वजासाठी त्याच्या जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते, असा मंडळीचाच नियम आहे. पणजोबांची माणसं हिंदू असतील तर नियमापुरतं थांबू नका, भावकीतल्या वडीलधाऱ्यांशी आधी समोरासमोर बोला. "त्यांना आपल्याकडे ओढलं" असा अर्थ ते काढणार, आणि तो काढण्याचा त्यांना हक्क आहे. ते नको म्हणाले तर नाव वंशवृक्षावर राहू द्या, विधी नको.