अन्नमदतीची माहिती कशी लिहावी आणि कशी वाटून घ्यावी

खान्देशात पूर किंवा अतिवृष्टी झाली की मदतीचे टेम्पो लवकरच निघतात. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जाणारा सुरत-नागपूर महामार्ग ज्या गावांजवळून जातो तिथे ते आधी थांबतात, कारण तिथे गाडी वळवता येते, फोन लागतो आणि ओळखीचे कोणीतरी भेटते. धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या पाड्याची गरज त्याहून मोठी असू शकते; पण ती कोणाच्याही कागदावर आलेली नसते. देणाऱ्यांची नियत चांगली असूनही एका गावात तीनदा वाटप होते आणि दुसऱ्या गावात चूल पेटत नाही, त्याचे मुख्य कारण हे आहे. संस्था, गणेश मंडळे, बाजार समितीतील व्यापारी आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांनी एकत्र काम करताना माहिती कशी ठेवावी, याविषयी पुढे लिहिले आहे.

सर्वांत आधी आपण कोणाशी जोडलेले आहोत हे ठरवावे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. आपली माहिती या कक्षाला आणि तहसील कार्यालयाला मिळेल, आणि तिकडची माहिती आपल्याला मिळेल, अशी वाट पहिल्याच दिवशी तयार करावी. समांतर यंत्रणा उभारण्याचा मोह टाळावा. जगभरच्या आपत्तींतही हाच धडा मिळाला आहे: २००५ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने मदतसंस्थांचे विषयवार गट केले जाऊ लागले, आणि अन्नसुरक्षेच्या गटाचे नेतृत्व जागतिक अन्न कार्यक्रम आणि अन्न व कृषी संघटना मिळून करतात. तिथे प्रत्येक संस्था एकाच तक्त्यात पाच गोष्टी भरते: कोण, काय, कुठे, कधी आणि कोणासाठी. आपल्या तालुक्याच्या पातळीवरही तेवढा एक तक्ता पुरतो. मात्र तो एकच असावा आणि तो सांभाळणारी व्यक्तीही एकच असावी.

गाव नेमके कोणते

तक्त्यातील सर्वाधिक घोळ गावाच्या नावाने होतो. एकट्या जळगाव जिल्ह्यात अमळनेर तालुक्यात सावखेडा आहे, रावेरमध्ये सावखेडा बुद्रुक आणि सावखेडा खुर्द आहेत, आणि यावलमध्ये सावखेडासीम आहे. ‘सावखेड्याला शंभर किट पोहोचली’ एवढी नोंद म्हणून निरुपयोगी ठरते. प्रत्येक ओळीत जिल्हा, तालुका, गाव आणि २०११ च्या जनगणनेतील सहा आकडी गाव-संकेतांक लिहावा. तहसील कार्यालयाकडून संकेतांकांसह गावांची यादी आधीच घेऊन ठेवली, म्हणजे ऐन धावपळीत कोणाला काही टंकावे लागत नाही, यादीतून निवडता येते.

सातपुड्यात एवढ्यानेही भागत नाही. तिथे एका महसुली गावात अनेक पाडे असतात, ते एकमेकांपासून टेकडीच्या अंतरावर असतात आणि मधला नाला वाहू लागला की एक पाडा तुटतो, दुसरा जोडलेला राहतो. म्हणून संकेतांकापुढे पाड्याचे नाव वेगळ्या रकान्यात असावे. पाड्यांची यादी सर्वांत नेमकी मिळते ती आशाताई आणि अंगणवाडी सेविकांकडे, कारण लसीकरण आणि पोषण आहारासाठी त्या घरोघर पोहोचलेल्या असतात. तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटील आणि स्वस्त धान्य दुकानदार यांच्याकडून त्या यादीची पडताळणी करून घ्यावी.

रिकामा रकाना आणि शून्य

माझ्या मते संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम हा आहे. एखाद्या गावापुढे ‘मदतीची गरज’ या रकान्यात शून्य लिहिले, तर त्याचा अर्थ असा की कोणीतरी तिथे विचारले आणि आता गरज नसल्याचे कळले. रकाना रिकामा असेल, तर त्याचा अर्थ असा की अजून कोणी विचारलेलेच नाही. या दोन्हींची गल्लत झाली की ज्या पाड्यांवर नेटवर्क नाही ते आपोआप ‘गरज नाही’ या गटात जाऊन बसतात. म्हणून रिकामे रकाने लाल रंगाने रंगवावेत आणि रोज सकाळी पहिला प्रश्न किती वाटले हा नसावा, लाल रकाने किती उरले हा असावा. जिथून माहिती येत नाही तिथे माणूस पाठवणे हे धान्य पाठवण्याइतकेच तातडीचे काम आहे.

त्याच तक्त्यात आश्वासन आणि पोहोच यांचे रकाने वेगळे हवेत. ‘कबूल केले’, ‘गोदामातून निघाले’ आणि ‘कुटुंबाच्या हाती पडले’ या तीन पायऱ्यांना तीन तारखा द्याव्यात. गोदामातून निघालेल्या मालाला काटा पावती आणि चलन असते, हाती पडलेल्या मालाला सही किंवा अंगठा असतो. कबूल केलेल्या मालाला काहीच नसते. तरीही एखाद्याने शब्द दिला म्हणून ते गाव इतर सारे सोडून देतात, आणि तो टेम्पो आलाच नाही तर गाव उपाशी राहते. कबुलीला मुदत असावी: ठरलेल्या दिवशी माल निघाला नाही, तर ते गाव पुन्हा सर्वांसाठी खुले करावे.

रस्त्यासाठीही एक रकाना ठेवावा. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने चाळीसगावात पाणी शिरले, तेव्हाच कन्नड घाटात दरडी कोसळून मराठवाड्याकडचा रस्ताही बंद झाला होता. अशा वेळी कोणता माल कोठून आणायचा हे रस्त्यावरच ठरते. तापीकाठच्या गावांसाठी हतनूर धरणाच्या विसर्गाची सूचना याच रकान्यात नोंदवावी; धरणाचे ४१ दरवाजे आहेत आणि त्यांतील किती, किती उंचीने उघडले हे प्रशासन वेळोवेळी कळवते.

किट मोजू नका, माणसांचे दिवस मोजा

‘५०० किट दिली’ या वाक्यातून पोट किती दिवस भरले हे कळत नाही, कारण प्रत्येकाचे किट वेगळे असते. आपत्तीतील अन्नमदतीसाठी माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी हा आकडा नियोजनाचा आधार म्हणून जगभर वापरला जातो. त्यानुसार ढोबळ हिशेब असा: माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल आणि ५ ग्रॅम मीठ, शिवाय थोडा गूळ आणि शेंगदाणे. पाच जणांच्या कुटुंबाला १५ दिवसांसाठी ३० किलो धान्य, साडेचार किलो डाळ आणि साधारण दोन लिटर तेल लागेल. आता १० किलो पीठ, एक किलो डाळ आणि अर्धा लिटर तेल असलेले नेहमीचे किट घ्या. पाच जणांना त्यातील पीठ पाच दिवस पुरते. डाळ मात्र चौथ्या दिवशीच संपते. तक्त्यात ‘एक किट’ लिहिण्याऐवजी ‘धान्य २५ मनुष्यदिवस, डाळ १६ मनुष्यदिवस’ असे लिहिले, की पुढचा टेम्पो डाळीचा हवा हे कोणी न सांगता कळते. रोजगार हमीच्या कामामुळे मनुष्यदिवस हा हिशेब आपल्या गावांत सर्वांच्या परिचयाचा आहे.

माणसे मोजताना शिधापत्रिकेवरील नावे मोजू नयेत. एका शिधापत्रिकेवर दोन चुली असतात, आणि दिवाळीनंतर सातपुड्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. प्रश्न साधा ठेवावा आणि समोरच्याच्या बोलीत विचारावा: ‘घरमा जेवाले कितला जण शेतस?’ भिली किंवा पावरी बोलणाऱ्या पाड्यांवर त्याच बोलीचा कार्यकर्ता न्यावा. पुढचा प्रश्न रेशनचा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. ते या महिन्यात मिळाले का आणि घरात कोरडे राहिले का, हे दोन्ही विचारावे. धान्य सुरक्षित असेल, तर त्या घराला डाळ, तेल, मीठ आणि सरपण हवे असते. भांडी वाहून गेली असतील, तर कोरडा शिधा देऊन उपयोग नाही. तिथे काही दिवस शिजवलेले अन्नच हवे. तान्ह्या बाळांसाठी दूधपावडर आणि बाटल्या वाटू नयेत. १९९२ च्या कायद्याने त्यांच्या वाटपावर कडक बंधने आहेत, आणि गढूळ पाण्यात कालवलेली पावडर बाळाच्या जिवावर बेतते. अशी गरज दिसली तर ती आरोग्य केंद्राला कळवावी.

निरोप आणि बैठक

व्हॉट्सअ‍ॅप समूहावर ‘नाना, किट कमी पडली, अजून पाठवा’ असा निरोप येतो, तो पाच समूहांत पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी, गरज भागल्यावरही फिरत राहतो. प्रत्येक निरोपात गाव आणि तालुका, तारीख आणि वेळ, किती माणसे, काय हवे, स्वतः पाहिले की ऐकले, आणि कळवणाऱ्याचा क्रमांक असावा. गरज भागली की त्याच निरोपाला उत्तर देऊन ‘पूर्ण’ असे कळवावे. तक्ता ऑनलाइन असला, तरी नेटवर्क नसलेल्या भागासाठी त्याच रकान्यांचा छापील कागद बरोबर द्यावा. माहिती भरण्यासाठी मोबाइलवर ऑफलाइन चालणारे कोबोटूलबॉक्ससारखे साधनही वापरता येते. रकाने मात्र सर्वत्र तेच आणि त्याच क्रमाने असू द्यावेत.

रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी अर्ध्या तासाची बैठक घ्यावी. बाजार समितीचे सभागृह त्याला सोयीचे, कारण गोदाम, काटा आणि मापाडी तिथेच असतात. बैठकीत सत्कार आणि अहवालवाचन नको. लाल रकाने, मुदत उलटलेली कबुली आणि उद्याच्या गाड्या एवढेच विषय घ्यावेत, आणि उठण्यापूर्वी ‘कोण, कोणत्या गावाला, काय घेऊन’ हे तक्त्यात भरूनच उठावे. तक्त्याची प्रत त्याच रात्री तहसील कार्यालयाला आणि सर्व संस्थांना जावी.

काय वाटू नये

गाववार आकडे सर्वांना खुले असावेत; माणसांची नावे नसावीत. लाभार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, कुटुंबप्रमुखाचा फोटो ही माहिती फक्त वाटप करणाऱ्या पथकाकडे राहावी आणि समूहावर कधीही टाकू नये. एकट्या राहणाऱ्या स्त्रीचे नाव आणि घराचा ठावठिकाणा चारशे अनोळखी लोकांच्या फोनमध्ये जाणे हा तिच्यासाठी नवा धोका आहे. वनजमीन कसणारी काही कुटुंबे आपल्या जमिनीच्या दाव्यांवर परिणाम होईल या भीतीने माहिती द्यायला कचरतात. त्यांना माहिती कशासाठी घेतली आणि ती कोणाकडे राहील हे आधी सांगावे. आधारची झेरॉक्स मागण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. रकान्यात काय भरायचे याचा निर्णय घेताना ‘या माहितीवरून उद्या आपण कोणता निर्णय बदलणार आहोत’ असे विचारावे आणि उत्तर नसेल तर तो रकाना काढून टाकावा.

तक्रारीसाठी एक फोन क्रमांक वाटपाच्या ठिकाणी मोठ्या अक्षरांत लावावा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी वाटपाआधी तो मोठ्याने सांगावा. आलेल्या तक्रारीची नोंद त्याच तक्त्याच्या दुसऱ्या पानावर, गावाच्या त्याच संकेतांकाने करावी, म्हणजे ‘पोहोचले’ असे दाखवणाऱ्या गावातून ‘मिळाले नाही’ अशी तक्रार आली की दोन्ही ओळी शेजारी दिसतात आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी तिथे जाऊन पाहू शकते.

काम थांबवायच्या आधी गाववार तक्ता, रस्त्यांच्या नोंदी आणि पाड्यांची यादी तहसील कार्यालय व ग्रामपंचायतींकडे लेखी पोच घेऊन द्यावी. नावे आणि क्रमांक असलेले कागद तक्रारींचा निपटारा होईपर्यंत कुलपात ठेवावेत, त्यानंतर नष्ट करावेत आणि कार्यकर्त्यांच्या फोनमधील फोटोही पुसून घ्यावेत.