गिऱ्हाईक आधी, थ्रीडी प्रिंटर नंतर : गावात तंत्रशाळा काढणाऱ्यांसाठी

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मला पुण्या-नागपुराकडच्या तरुण इंजिनिअर मंडळींचे फोन येतात. नोकरीचा कंटाळा आलाय, गावाकडे घर पडून आहे, मुलांना हातानं करून शिकता येईल अशी शाळा काढायची आहे. सामानाची यादी पाठवाल का? यादी मी पाठवत नाही. उलट त्यांनाच विचारते, तुमच्या गावात मोटर रिवाइंडिंग (जळालेल्या मोटरची तार पुन्हा गुंडाळणं) कोण करतं? वेल्डिंगचं दुकान कोणाचं? फवारणीचा पंप बिघडला तर लोक कुठे नेतात? ज्याच्याकडे याची उत्तरं नाहीत, त्यानं आणखी एक हंगाम गावात नुसतं फिरावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-सोयाबीनच्या गावात अशी शाळा चालवते. तोंडानं 'शाळा' म्हणते, पण कागदोपत्री ती शाळा नाही, आणि नवख्या माणसानं हा भाग सगळ्यात आधी समजून घ्यावा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १८ प्रमाणे मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. म्हणून ६ ते १४ वयाची मुलं आमच्याकडे येतात ती जिल्हा परिषदेची शाळा सुटल्यावर आणि सुट्यांमध्ये. त्यांची हजेरी, पोषण आहार, दाखला सगळं तिकडेच. चौदा ओलांडलेली आणि शिक्षण सुटलेली पोट्टी मात्र दिवसभर असतात. त्यांना दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) रस्ता आहे, किंवा बाहेरून परीक्षा द्यायचा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट म्हणून नोंदवायची की कलम ८ ची (नफा वाटून न घेणारी) कंपनी काढायची, यावर लोक महिनोन्‌महिने घालवतात. गावात चेहरा ट्रस्टचा लवकर पटतो, एवढंच सांगेन. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात तो पैसा घ्यायचा असेल तर सीएसआर-१ फॉर्म भरून नोंदणी करावी लागते. एखाद्या चांगल्या सीएला हे काम द्या आणि तुम्ही गावात फिरा.

'पर्यायी शिक्षण' म्हटलं की नवी मंडळी थेट परदेशी उदाहरणं काढतात. आपल्याकडे तर हा विचार अंगणातच वाढला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीनं आराखडा केला, आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. हस्तोद्योगातून गणित, विज्ञान, भाषा शिकवायची, ही तिची मूळ कल्पना. सेवाग्रामच्याच आवारात २००५ पासून आनंद निकेतन शाळा चालते. ती पाहून या. दुसरं ठिकाण पुणे जिल्ह्यातलं पाबळ. हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम काढला, आणि अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायची कार्यशाळा) २००२ मध्ये सुरू झाली ती याच गावात. तिथल्या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुक्कामाला जा, मुलांसोबत काम करा. पाहुणा म्हणून चक्कर मारून फोटो काढून येण्यात काही अर्थ नाही.

पाबळच्या पद्धतीतली एक गोष्ट मी जशीच्या तशी उचलली. मुलं गावाला सेवा देत शिकतात, आणि लोक त्या कामाचे पैसे मोजतात. माझ्या मते सगळा आराखडा या एका खिळ्यावर टांगलेला आहे. वस्तूची वाट पाहणारं कोणी नसेल तर मुलांचा प्रकल्प प्रदर्शनापुरता राहतो. थर्माकोलवर लावला, बक्षीस घेतलं, कपाटात गेला. दारात माणूस उभा असला की मुलं कोणी न सांगता दुसऱ्यांदा मोजतात.

आमचा पहिला 'धडा' म्हणजे बॅटरीचा फवारणी पंप. विदर्भात घरोघरी असतो. सोळा लिटरची टाकी, आत १२ व्होल्टची सीलबंद बॅटरी, एक छोटा डायफ्राम पंप, प्रेशर स्विच, चार्जरचं सॉकेट. एका वस्तूत वीज, दाब, गळती, रसायन, सगळं आहे, आणि ती बिघडली की जुलै-ऑगस्टमध्ये शेतकऱ्याचा जीव वरखाली होतो. उघडण्याआधी टाकी आणि नळी साबणाच्या पाण्यानं तीनदा धुवायची, हातमोजे घालायचे, त्या टेबलावर जेवणाचा डबा उघडायचा नाही. हा नियम मुलांना दटावून शिकवावा लागत नाही. २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली, हे त्यांनी घरात ऐकलेलं असतं.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात आमची पद्धत दिसते. एका पोट्ट्यानं बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला, १२.४ आलं. "मॅडम, बॅटरी तं चांगली हाय, मोटरच गेली." पंप मात्र जरा घुरघुरून बंद पडायचा. मी म्हटलं, आता पंप चालू ठेवून मोज. बटण दाबलं आणि काटा सरळ नऊच्या खाली. तो मीटरकडे पाहतच राहिला. मग स्वतःच म्हणाला, "रिकामी असतानी बढाई मारते, काम सांगितलं का बसते." अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतलाच विजेला होणारा अडथळा, हा शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिला. पंपाचे मालक बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. त्यांना नवी बॅटरी आणायला सांगताना का आणायची, हेही त्याच पोरानं समजावलं. असं समजावता आलं की मी त्याच्या वहीत खूण करते. आमच्याकडे वेगळी परीक्षा नाही. कामाच्या वहीत चार गोष्टी लिहायच्या : कोणाचं काम, काय बिघडलं होतं, खर्च किती, आणि दुरुस्त वस्तू परत आली का. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

आता 'नावीन्य' या गोष्टीकडे येते, कारण निधीसाठी अर्ज लिहिताना ती लिहावीच लागते. सगळ्यांना पहिला सुचतो तो मातीतल्या ओलाव्याचा सेन्सर आणि आपोआप सुरू होणारा पंप. कुंडीत तो झकास चालतो. आमची काळी माती सुकली की तिला भेगा पडतात; सेन्सर एखाद्या भेगेत हवेत लोंबकळत राहतो आणि 'कोरडं, कोरडं' म्हणून ओरडत बसतो, बाजूला वीतभर खाली ओल असली तरी. स्वस्तातला, दोन उघड्या पट्ट्यांचा सेन्सर तर ओल्या मातीत लवकर गंजतो. त्यापेक्षा कपॅसिटिव्ह (धातू मातीला न लागू देता ओल मोजणारा) सेन्सर टिकतो, पण भेगेवर त्याच्याकडेही उपाय नाही. शिवाय सेन्सरनं पाणी मागितलं म्हणून वावरात लाइन थोडीच येते! शेतीच्या फीडरला थ्री-फेज वीज ठरावीक तासच, आणि त्यातले बरेच दिवस रात्रीची पाळी.

मुलींच्या एका गटानं हे वावरात जाऊन पाहिलं आणि प्रश्नच बदलला. माती काय म्हणते यापेक्षा लाइन आली का, आणि तिन्ही फेज आहेत का, हे घरबसल्या कळलं तर? एक फेज गेलेला असताना मोटर ओढत राहिली की जळते, आणि रिवाइंडिंगचा खर्च भर हंगामात येतो. याच कामातून त्यांना ऑटोस्विचचा घोळ कळला. लाइन येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) ताण पडतो; महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा असं सांगत असते ते याचमुळे. मग प्रत्येक मोटर वेगवेगळ्या उशिरानं सुरू झाली तर काय, असा पुढचा प्रश्न निघाला. त्यावर अजून काम चालू आहे. मला विचाराल तर नावीन्य यालाच म्हणावं. फक्त एक लक्ष्मणरेषा : मुलांचा हात कमी व्होल्टेजच्या बाजूलाच. ४१५ व्होल्टची जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनच करतो, मुलं चार हात लांब उभी राहून बघतात.

जागेबद्दल थोडक्यात. काळ्या मातीवर नवं बांधकाम करायचं तर पाया आणि मुरूमभरणीत पैसा जातो, नाहीतर दोन पावसाळ्यांत भिंती तडकतात. जुनं गोदाम मिळत असेल तर घ्या. कोळसा-मिठाचं व्यवस्थित अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हे दोन खर्च कोणत्याही यंत्राच्या आधी. इन्व्हर्टर घेताना मुलांकडूनच हिशेब करून घ्या : १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, ती अर्धीच वापरायची म्हटली तर ९००, त्यात २५ वॅटचे सोल्डरिंग कितीजण चालवतील आणि लॅपटॉप किती? हा तास मी कधीही चुकवत नाही. आणि टिनाच्या छपराखाली मे महिन्यात थ्रीडी प्रिंटर चालवू नका. बाहेर पंचेचाळीस अंश असताना आत त्याहून जास्त होतं. पीएलए हे प्रिंटरचं प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, ते वरच्या वर फुगून अडकतं. उन्हाळ्यात आम्ही सकाळी साडेसहाला सुरू करून साडेदहाला आवरतो.

पहिल्या वर्षी घ्यायचं सामान म्हणजे बाक, पाने, करवती, हातड्रिल, मल्टिमीटर, सोल्डरिंग, आर्क वेल्डिंगचं यंत्र आणि चांगले गॉगल. अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारे छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दुसऱ्या वर्षी आणले तरी काही बिघडत नाही. ईएसपी-३२ हा तसाच दुसरा बोर्ड आणाल तेव्हा तो ३.३ व्होल्टचा आहे हे मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहा; पाच व्होल्टचा सेन्सर थेट लावून बोर्ड मारणं फार सोपं आहे. तालुक्यातल्या एखाद्या शाळेत केंद्र सरकारच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब (मुलांची प्रयोग-कार्यशाळा) आहे का, हेही आधी विचारा. त्या योजनेत निवडलेल्या शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान दिलं गेलं, दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षांच्या खर्चाला. आमच्याजवळच्या एका शाळेत ती लॅब कुलपात होती, कारण शिकवायला माणूस नव्हता. मुख्याध्यापकांशी बोलून आम्ही शनिवारचा वेळ घेतला, प्रिंटर विकत घ्यायची गरजच पडली नाही.

शिकवणार कोण? गावातले कारागीर. आमचे फॅब्रिकेशनवाले काका सातवी शिकलेले; पण चौकट काटकोनात आहे का हे ते दोन कर्ण मोजून सांगतात, आणि मी नंतर त्यातलं पायथागोरस उलगडून दाखवते. त्यांना तासाप्रमाणे मानधन द्या आणि मुलांना 'मास्तर' म्हणायला सांगा. फुकट बोलावलंत तर गिऱ्हाईक आलं की ते जाणार, आणि ते बरोबरच आहे. मुलींसाठी वेळ अंधाराच्या आत संपेल अशी ठेवा, नेहमी दोन मोठी माणसं हजर असू द्या, पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याची माहिती सगळ्या कारागिरांना नीट बसून द्या. पायाच्या शिलाई मशीनची दुरुस्ती ही मुलींना आत आणायची उत्तम वाट आहे. एकदा पट्टा, चाक, क्रँक कळला की त्या स्वतःच वेल्डिंगच्या टेबलावर हक्कानं येतात.

वेळापत्रक शेतीवर बांधा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पावसाळ्यात डवरणी-फवारणी, म्हणजे पंपांचा हंगाम. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्याला, चाकांचे लाकडी बैल हवे असतात. आमची लहान मुलं सुतारासोबत ते करून विकतात, आणि चाक डुगडुगलं तर परत येतं हेही शिकतात. दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सोंगणी, पुढे कापसाची वेचणी. तेव्हा मोठी पोरं येणार नाहीत. त्यांच्या नावानं ओरडू नका, त्या दिवसांत तुम्हीच वावरात जा. गडचिरोली-गोंदियाकडे असाल तर मोहफूल आणि तेंदूपत्त्याचे दिवस धरून चला.

आईबाप एकच विचारतात : "यानं नोकरी लागते का?" गोल उत्तर देऊ नका. वेल्डरसारख्या काही ट्रेडला आयटीआयमध्ये आठवी चालते, बहुतेकांना दहावी लागते. म्हणून दहावीची तयारी आमच्याकडे सक्तीची आहे आणि रोज सकाळचे पहिले दोन तास तिलाच. हातात काम असलेली पोरं आयटीआयमध्ये बुजत नाहीत, पण प्रवेश गुणांवरच मिळतो, हे आईबापांना पहिल्याच पालकसभेत सांगते.

शेवटी दराचा फलक. पंप तपासणी, सोल्डरिंग, बिजागरी वेल्डिंग, प्रत्येकाचा दर दारावर लावा. बाजारापेक्षा थोडा कमी ठेवा, फार कमी नको, नाहीतर गावातल्या दुकानदाराचं पोट मारल्यासारखं होतं आणि तोच तर तुमचा उद्याचा मास्तर आहे. आलेल्या पैशातून सुटे भाग, मग कारागिरांचं मानधन, उरलं तर मुलांच्या नावे खातं. हा हिशेब दर महिन्याला मुलांनीच फळ्यावर मांडायचा, आणि सरपंचांपासून कोणालाही येऊन तो वाचता यावा.